ठकसेनाची मुलगी आणि न्यायाधीश

मागच्या सुट्टीत मी १९२५ सालचा एक अमेरिकन मूकपट पाहिला, ‘सॅली ऑफ द सॉडस्ट’. सॉडस्ट म्हणजे सर्कशीच्या रिंगणात पसरलेला लाकडाचा भुसा. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ.

न्यायाधीश फॉस्टर यांची मुलगी सर्कशीतल्या माणसाशी लग्न करते, म्हणून ते तिला घराबाहेर काढतात. मरताना ती आपली लहानगी सॅली मॅकगार्गल नावाच्या ठकसेनाच्या हाती सोपवते. जत्रेत हातचलाखी करून लोकांचे खिसे रिकामे करणारा हा माणूस एवढी एक अमानत मात्र जिवापाड जपतो. ही भूमिका डब्ल्यू. सी. फील्ड्स यांची आहे. ‘पॉपी’ या ज्या नाटकावरून चित्रपट बनला, त्यातही १९२३ साली मॅकगार्गल तेच होते.

पुढे सॅली पकडली जाते आणि उभी राहते ती नेमकी आजोबांसमोर. ते तिला ओळखत नाहीत. तिचा गुन्हा एवढाच की ती ठकसेनाची मुलगी समजली जाते. शेवटी मॅकगार्गल धावतपळत कोर्टात येतो, तिचं खानदान उघड करतो आणि न्यायाधीशांचं मन पालटतं.

सगळे आनंदात असताना मी मात्र अडखळलो. सॅली तर आधीही निर्दोषच होती! तिला माया मिळाली ती निर्दोष ठरली म्हणून नाही, घरातली निघाली म्हणून. ती खरोखरच ठकसेनाची मुलगी असती तर?

याच ग्रिफिथ यांनी १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ काढला होता. त्यात कृष्णवर्णीय माणसं धोकादायक आणि कू क्लक्स क्लॅन ही टोळी तारणहार दाखवली. तेव्हा एनएएसीपी या संघटनेने जोरदार विरोध केला. त्याच वर्षी क्लॅन पुन्हा उभी राहिली. दहा वर्षांनी एका गोऱ्या अनाथ मुलीसाठी डोळे ओले करणाऱ्या दिग्दर्शकाला एका अख्ख्या समाजातली माणसं दिसली नव्हती. आपल्यावर असे शिक्के बसतात तेव्हा आपल्याला ते कळतात. पण आपण मारलेल्या शिक्क्यांचं काय?

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सहलीचे पैसे हरवले. कुणी नाव घेतलं नाही, पण सगळ्या नजरा एकाच मुलाकडे वळल्या. त्याचे वडील तुरुंगात होते. खरं सांगतो, माझीही नजर वळली. पैसे दुसऱ्या दिवशी एका वहीत सापडले. मुलगा काहीच बोलला नाही. त्यानंतर तो शेवटच्या बाकावर बसू लागला.

मी त्याची माफी मागितली, पण एकट्यात. नजर मात्र भर वर्गात वळली होती. माफीही तिथेच मागायला हवी होती.