हमी कोणाला मिळाली? औरंगाबाद स्टेशनची गोष्ट

आमच्या तेलगावात साखर कारखाना आहे, चौफुली आहे, चारी बाजूंना जाणारी एसटी आहे. रूळ मात्र नाहीत. ते का नाहीत, हे समजून घ्यायचे तर औरंगाबादच्या रेल्वे स्टेशनपासून सुरुवात करावी लागते. २०२५ मध्ये या स्टेशनचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. इथे मी जुन्या काळाबद्दल लिहितोय म्हणून जुने नाव वापरतो.

हे स्टेशन १९०० साली सुरू झाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि गाडी चालवणाऱ्या कंपनीचे नाव होते 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. वर्गात हे नाव आले की मुले विचारतात, गॅरंटी कशाची? उर्दूत जमानत म्हणा, मराठीत हमी म्हणा. कंपनी लंडनची. तिच्यात पैसे गुंतवणाऱ्यांना ठरलेले व्याज मिळणारच, कमी पडले तर निजाम सरकार भरून देणार, असा तो करार. सरकारची तिजोरी म्हणजे शेवटी रयतेचा शेतसारा.

हा सौदा ठरत होता तेव्हा, १८८३ मध्ये, हैदराबादेतल्या काही सुशिक्षितांनी त्याचा जाब विचारला होता. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय त्यांत पुढे होते. त्यांना शहरातून हद्दपार व्हावे लागले.

मनमाड ते सिकंदराबाद ही लाईन मीटर गेजची, म्हणजे आपल्या भाषेत छोटी लाईन. बांधायला स्वस्त. पण मनमाडला मुंबईची मोठी लाईन लागायची. तिथे माणसांनी गाडी बदलायची आणि मालाची पोती हमालांनी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायची. हे पुढे नव्वदीच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत चालले.

औरंगाबादहून ही लाईन जालना, सेलू, परभणी, पूर्णा करत नांदेडला गेली, सगळी गोदावरीच्या उत्तरेकडून. आपला बीड जिल्हा नदीच्या दक्षिणेला. रुळांच्या काठी कापसाच्या पेठा वाढल्या, नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. बीड शहर बाजूलाच राहिले. जिल्ह्याला पुढे परळीचे स्टेशन मिळाले, तेही एका टोकाला.

१९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. दोन वर्षांनी त्याच रेल्वेने २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ पासून औरंगाबाद दक्षिण मध्य रेल्वेत आहे. आज तिथून देवगिरी, तपोवन, नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठता येते, सचखंड एक्स्प्रेस अमृतसरला नेते आणि आता वंदे भारतही थांबते.

बीडला पहिली गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच बीड–अहिल्यानगर गाडी सुटली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झालेला. बीडच्या पुढे परळीपर्यंतचे काम बाकी आहे, म्हणजे नेमका आमच्या बाजूचा तुकडा.

या मार्गाचा अर्धा खर्च महाराष्ट्र सरकार उचलते. म्हणजे तेव्हाही पैसा रयतेचा होता, आजही आपलाच आहे. फरक एवढाच की तेव्हा जाब विचारणाऱ्याला हद्दपार केले जात होते. आज तो विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. बीड–परळी काम कुठवर आले, गाड्या कोणत्या वेळेला सुटणार, कॉलेजच्या मुलांना आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांना त्या सोयीच्या असणार का, हे आपण विचारले पाहिजे. लंडनच्या भागधारकांना हमी लेखी मिळाली होती. आपल्याला ती मागावी लागेल.