मैवंदची हार आणि एक अर्ज

शेरलॉक होम्सच्या गोष्टी आमच्या वाशीमकडची मुले मराठी भाषांतरातून आवडीने वाचतात. त्यातला डॉक्टर वॉटसन मैवंदच्या लढाईत गोळी लागून जायबंदी झालेला असतो. "सर, हे मैवंद कुठी आहे?" असे एकाने वर्गात विचारले. मी नकाशावर अफगाणिस्तानात, कंदाहारच्या पश्चिमेस बोट ठेवले आणि म्हटले, "तिथं मुंबई इलाख्याची फौज लढली." तो म्हणाला, "मग आपल्याकडचे कोण कोण होते?" नावे मला एकही सांगता येईना, कारण ती सहजी हाताशी लागतील अशी कुठे छापलेलीच नाहीत.

२७ जुलै १८८० रोजी ही लढाई झाली. जनरल बरोजच्या हाताखाली सुमारे अडीच हजार माणसे आणि बारा तोफा. समोर अयूबखानाच्या तीस तोफा आणि कितीतरी पटींनी मोठे सैन्य. शिपाई भर उन्हात, घसा कोरडा पडलेला असताना, तासन् तास उघड्या माळावर तोफांचा मारा सोसत राहिले. डाव्या बगलेला जेकब रायफल्सच्या दोन तुकड्या होत्या. पाठीशी असलेल्या तोफांचा दारूगोळा संपला, तोफा मागे गेल्या, आणि ती बगल मोडली. तिचा लोंढा मुंबई ग्रेनेडियर्सवर, त्यांचा गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीवर. एकंदर साडेनऊशेंवर माणसे पडली. एकट्या ग्रेनेडियर्सची साडेतीनशेंहून अधिक गेली, म्हणजे गोऱ्या पलटणीपेक्षाही जास्त. पळणाऱ्यांचा हा आकडा असतो का, हे वाचकांनीच ठरवावे.

विलायतेत मात्र आठवण राहिली ती ६६ व्या पलटणीची. अखेरपर्यंत झुंजलेल्या तिच्या अकरा जणांचे चित्र निघाले, रेडिंग गावच्या बागेत भला मोठा सिंह उभा राहिला. त्या पलटणीत बॉबी नावाचे एक कुत्रे होते. तेही जखमी होऊन वाचले. व्हिक्टोरिया राणीने त्याच्या गळ्यात पदक घातले. पुढे ते गाडीखाली सापडून मेले, तेव्हा पेंढा भरून ठेवले. आजही संग्रहालयात आहे. कुत्र्याविषयी माझी तक्रार नाही, ते बिचारे इमानी होते. पण त्याचे नाव जगाला ठाऊक आहे!

हार झाली की दोष कोणाच्या तरी माथी मारावा लागतो. घोडदळाच्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांवर मुंबईस लष्करी खटला चालला. त्यांना आपली बाजू मांडता आली आणि ते सुटले. काळ्या शिपायांवर खटला भरला गेला नाही, म्हणून त्यांना बाजूही मांडता आली नाही. मुंबईची फौज कुचकामी, हा शेरा मात्र कायम राहिला.

कंदाहार सोडवणारे रॉबर्ट्स १८८५ साली हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. लढवय्या जाती उत्तरेकडच्या, दक्षिणेकडचा शिपाई शांततेत मऊ पडलेला, असे त्यांचे ठाम मत. मैवंदनेच हे मत घडवले असे म्हणणे फार होईल. पण त्या मताला हातचा दाखला मैवंदने दिला, असे मला वाटते. जातवार पलटणी बनू लागल्या. मराठ्यांना त्यात जागा राहिली. महारांची भरती मात्र १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली. १८९२ मध्येच रॉबर्ट्स 'कंदाहारचे लॉर्ड' झाले.

पिढ्यान् पिढ्या फौजेत असलेल्या घरांवर हा घाला होता. पगार आणि पेन्शन तर गेलेच. पण पलटणीच्या शाळेत मुलाला चार अक्षरे येत, आणि गणवेशातल्या माणसाला गावात वाट अडवताना लोक विचार करीत. ते सारे एका हुकमासरशी गेले.

महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीस राहिले होते. १८९४ मध्ये त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळीच्या नावाने मुंबईच्या सेनापतीसाठी मराठीत अर्ज तयार केला. आम्ही मूळचे क्षत्रिय. दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी नाही ते खावे लागले म्हणून खाली ढकलले गेलो. आम्हाला फौजेचे दार पुन्हा उघडा, असा त्याचा आशय. मैवंदवर साहेबांनी पुष्कळ लिहिले. पण त्या पराभवानंतर शिपायाच्या घरात काय झाले, हे ज्यातून कळते असा माझ्या लेखी मोलाचा कागद हाच. तो इतिहास म्हणून लिहिलेला नाही, पोटासाठी लिहिलेला आहे. म्हणून मला तो अधिक खरा वाटतो. त्यातल्या क्षत्रियत्वाच्या दाव्यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. अर्जदाराला दरवाजा ठोठवायचा होता, आणि ज्या भाषेत दार उघडेल असे वाटले ती भाषा त्याने वापरली.

दार उघडले नाही. वलंगकर १९०० साली वारले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुन्हा केली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली सरकारला महारांची आठवण झाली. १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. पुढे दुसऱ्या महायुद्धात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठपुरावा केल्यानंतर, १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मैवंदला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती.