वेताळाच्या वहाणा

वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत, लेखक जयवंत दळवींच्या गावात, वेतोबाच्या देवळात चामड्याच्या भल्यामोठ्या चपला मांडून ठेवलेल्या दिसतात. कुणाही माणसाच्या पायात त्या होणार नाहीत. नवस फेडायला आलेले लोक केळ्यांच्या घडासोबत त्या वाहतात. वेतोबा, म्हणजे वेताळ, रात्री गावाच्या हद्दीवर गस्त घालतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यात लोलये, आमोणे अशा गावांत हाच राखणदार ‘बेताळ’ म्हणून उभा आहे.

या देवाचं नाव एका अमेरिकन चित्रकथेच्या नायकाला मिळालं. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ली फॉक या लेखकाची ‘फँटम’ ही चित्रमालिका अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली. अंगाला घट्ट पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं, हा चारशे वर्षं मेलेलाच नाही. त्याची ख्याती ‘चालणारं भूत’ अशी. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया काढणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीने मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, तेव्हा मराठीत त्याचा वेताळ झाला.

हिंदीतही तो ‘वेताल’च झाला. पण हिंदी वाचकाला त्या नावाने आठवणार तो विक्रम राजाच्या गोष्टींतला, झाडाला लटकणारा, प्रेतात शिरून कोडी घालणारा. मराठी वाचकाकडे, निदान कोकणातल्या, दुसराही एक वेताळ होता: चालणारा, पहारा देणारा, वाईटाला धाक दाखवणारा. फँटमचं काम नेमकं हेच. फरक एवढाच, की नाव चालणाऱ्या भुताचं असून हा गडी बहुधा पांढऱ्या घोड्यावर असे. वहाणा झिजायचा प्रश्नच नव्हता.

झाडावरचा वेताळ मराठी मुलांना ‘चांदोबा’त भेटत होता. मद्रासला १९४७ साली निघालेल्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ पासून येऊ लागली होती. तिथलं विक्रम राजाचं चित्र शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांचं. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. एकाच घरात दोन वेताळ सुखाने नांदत. एक दर महिन्याला प्रश्न विचारून पुन्हा झाडावर जाई, दुसरा ठोसा मारून जबड्यावर कवटीची खूण उठवी. मुलांना त्यात काही विसंगत वाटल्याचं दिसत नाही.

नाव देशी झालं, तशी आतली नावंही बदलावी लागली. फॉकने खलनायकांना आणि ठिकाणांना बिनधास्त भारतीय वळणाची नावं दिली होती. समुद्री चाच्यांची टोळी ‘सिंग’, एका खुन्याचं नाव ‘रामा’, जंगल ‘बेंगाली’. भारतात हे छापणं म्हणजे आ बैल मुझे मार. इंद्रजालमध्ये चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, रामाचा ‘रामालू’ झाला, आणि जंगल ‘डेंकाली’त गेलं. हे डेंकाली नकाशात कुठे, ते शोधायची तसदी मुलांनी घेतली नाही. मूळ मालिकेतही ते आशिया आणि आफ्रिका यांच्या मध्ये हेलकावे खात होतंच.

खरी कसरत संवादांच्या फुग्यांत होती. मूळ फुगे इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांच्या मापाने काढलेले. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दोन ओळींत अंतर जास्त लागतं. वाक्य तोकडं केल्याशिवाय मावायचं नाही. पल्लेदार मराठीची सवय असलेल्या मास्तरांना ती तुटक भाषा खुपणं साहजिक होतं. मुलांना मात्र धावत्या घोड्यावरून कुणी लांबलचक बोलत नाही, हे ठाऊक होतं.

एक गोष्ट मोठेपणी टोचते. जंगलातल्या काळ्या माणसांचं रक्षण करायला पिढ्यानपिढ्या एक गोराच लागतो, हे कथेचं मूळ. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या मुलांनी ते निमूट स्वीकारलं, आणि त्यात त्या नावाचा वाटा मोठा असावा. वेताळ म्हटल्यावर परकेपणा निम्मा गळतो.

१९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ इंद्रजालमध्ये आला. भगवा कुर्ता, जीन्स, आणि बाप डाकू. गोविंद ब्राह्मणिया यांच्या चित्रांत डेंकालीऐवजी आपल्याकडचे ओळखीचे दगडधोंडे, बीहड आणि पोलीस चौकी दिसू लागली. तरी वेताळाची जागा त्याला घेता आली नाही. १९९० मध्ये इंद्रजाल थांबलं तेव्हा आठशेच्या वर अंक झाले होते. रद्दीवाल्याकडे आता एखादा मराठी अंक सापडलाच तर बहुधा मुखपृष्ठाविना, पिना गंजलेला, आणि पहिल्या पानावर कुण्या मुलाने शाईने मिशा काढलेला वेताळ.