तारेच्या जाळीतले डॉलर

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात रॉझवेल नावाचे एक गाव आहे. १९४७ साली तिथे उडती तबकडी कोसळल्याची आवई उठली आणि गावाचे नाव जगभर झाले. तबकडीवाल्यांचे आपल्याला काही देणेघेणे नाही. मला त्या गावाची ओढ वाटते ती तिथल्या एका पेट्रोल पंपवाल्यामुळे. त्याचे नाव जो बाउमन.

हा गृहस्थ बेसबॉल खेळत असे. बेसबॉलची ओळख आपल्याला बेताचीच, म्हणून दोन शब्द सांगतो. फलंदाजाने चेंडू समोरच्या कुंपणापलीकडे धाडला की होमरन होतो. आपला षटकारच म्हणा ना! मात्र एका सामन्यात फलंदाजाची पाळी चार-पाच वेळाच यायची, त्यामुळे होमरनचे मोल फार. बाउमनच्या काळी अमेरिकेत वरच्या दर्जाचे, म्हणजे मेजर लीगचे, संघ होते अवघे १६. त्यांत मावणारे खेळाडू सुमारे ४००. बाकीचे सारे खाली, मायनर लीगमध्ये. तिथेही उतरंड होतीच : तिहेरी ए, दुहेरी ए, ए, बी, सी आणि डी. मी शाळामास्तर असल्याने ही अक्षरे वाचताच मला वर्गाच्या तुकड्या आठवल्या. 'ड' तुकडीतल्या पोराकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, ते कशाला सांगायला हवे?

१९४९ साली या उतरंडीत ५९ लीग होत्या आणि चारशेहून अधिक संघ. लहानलहान गावांचा तो उन्हाळ्यातला मोठा विरंगुळा होता. खेळाडूंचे जिणे आपल्या तमाशाच्या फडासारखे. आज या गावी सामना, रात्री बसमध्ये अंग आखडून प्रवास, उद्या दुसऱ्या गावी उभे. शिवाय करार असा की, मालकाने सोडल्यावाचून खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नसे. मालक देईल तो पगार घ्यावा, नाहीतर घरी बसावे.

बाउमनचा जन्म १९२२ चा, ओक्लाहोमा राज्यातल्या वेल्च या गावचा. उंची सहा फूट पाच इंच, अंगाने आडवा, डावखुरा. १९४१ साली तो धंदेवाईक खेळात उतरला. मध्ये महायुद्ध आले, त्यात नौदलात गेला. परतल्यावर १९४६ मध्ये टेक्सासातल्या ॲमरिलो संघाकडून 'सी' वर्गात त्याने ४८ होमरन ठोकले. तेव्हा बोस्टन ब्रेव्हज या मेजर संघाची नजर त्याच्यावर गेली. १९४८ मध्ये मिल्वॉकीच्या तिहेरी-ए संघात त्याला फलंदाजीची पाळी मिळाली. किती वेळा? एकदा. मग त्याची रवानगी हार्टफर्डला, 'ए' वर्गात झाली. तिथला हंगाम बेताचा गेला आणि पुढल्या वर्षासाठी मालकांनी पगार कमी करून करार धाडला.

बाउमनने तो नाकारला.

या माणसाची सारी कथा मला या एका नकारात दिसते. मेजर लीगची शिडी समोर असताना पगाराच्या कपातीवरून पाय मागे घेणे कोणाला कोतेपणा वाटेल. मला वाटत नाही. ज्याने वीस-वीस वर्षे एकाच पगारश्रेणीत काढली आहेत, त्याला या नकाराची किंमत कळते. आपल्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, पण कसोटीचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. बाउमनच्या दाराची कडी मात्र आतून लागलेली होती.

तो ओक्लाहोमात एल्क सिटीला आला. त्या गावचा संघ लीगच्या चौकटीबाहेरचा. १९४९ ते १९५१ तो तिथे खेळला आणि प्रसिद्ध 'रूट ६६' या हमरस्त्यावर भागीत पेट्रोल पंप चालवू लागला. पुढे न्यू मेक्सिकोतल्या आर्टीझियाने त्याला 'सी' वर्गात परत आणले : १९५२ मध्ये ५० होमरन, १९५३ मध्ये ५३. मग आले १९५४ साल आणि रॉझवेल रॉकेट्स.

तमाशात दौलतजादा होते ना, तशीच तिथेही होती. होमरन झाला की प्रेक्षक समोरच्या तारेच्या जाळीतून डॉलरच्या नोटा खोवीत आणि खेळाडू जाळीच्या कडेने चालत त्या गोळा करी. बाउमनच्या या फेऱ्या त्या उन्हाळ्यात किती झाल्या असतील! मायनर लीगचा विक्रम ६९ होमरनचा होता. हंगामाच्या अखेरच्या दिवशी, ५ सप्टेंबरला, आर्टीझियात, म्हणजे त्याच्या जुन्याच गावात, दोन सामने होते. पहिल्यात त्याने सत्तरावा मारला, दुसऱ्यात आणखी दोन. एकूण ७२! सरासरी .४००, म्हणजे दर दहा संधींत चार यशस्वी फटके.

शंकेखोर म्हणतात, हवा विरळ, मैदाने लहान, गोलंदाज दुय्यम. असेल. पण त्याच हवेत, त्याच मैदानांवर इतरही खेळतच होते की. बाउमन वरच्या गोलंदाजांपुढे टिकला असता का, हा प्रश्न उरतो, आणि तो उरण्याची किंमत त्याने स्वतःच मोजली. मी त्याला पराभूत म्हणणार नाही. सुखी ठरवण्याचीही मला घाई नाही.

१९५६ मध्ये, ३४ व्या वर्षी, त्याने खेळ सोडला. कारकिर्दीत ३३७ होमरन. मेजर लीगचा सामना एकही नाही. घरोघर दूरचित्रवाणी आली, वरच्या संघांचे सामने दिवाणखान्यात दिसू लागले आणि लहान गावांची मैदाने ओस पडत गेली. १९६० च्या दशकात लीग विसाच्या आसपास उरल्या. बाउमन मात्र रॉझवेलमध्येच राहिला, मोटारींत पेट्रोल भरीत.

त्याचा ७२ चा आकडा ओलांडायला २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मेजर लीगमध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारले. मायनर लीगमधल्या सर्वाधिक होमरनवाल्या खेळाडूसाठी २००२ पासून बाउमनच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला, प्रत्येक होमरनला २०० डॉलर. २००५ मध्ये रॉझवेलच्या मैदानाला त्याचे नाव दिले. त्याच समारंभात म्हातारा पडला, हाड मोडले, आणि २० सप्टेंबरला, ८३ व्या वर्षी, रॉझवेलमध्येच वारला.