‘श्यामची आई’ नक्की कोणता? कॉम्प्युटरवरचे सिनेमे नीट लावायचे कसे?

डी ड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’, त्यात ‘न्यू फोल्डर २’, त्यात ‘मूव्हीज’ आणि त्यात शंभरेक फायली. बहुतेक घरांतला सिनेमांचा संग्रह असाच वाढलेला असतो. रविवारी सगळे जेवून टीव्हीसमोर बसतात, हवा तो सिनेमा सापडत नाही आणि शेवटी जो तो आपापल्या मोबाइलवर रील्स बघत बसतो.

सुरुवात नावापासून करावी. एका सिनेमाला एक फोल्डर. फोल्डरला आणि आतल्या फाइलला एकच नाव, पुढे कंसात वर्ष. वर्ष कशाला? आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३चा, सुजय डहाके यांचा २०२३चा. हिंदीत ‘देवदास’ १९५५चाही आहे आणि २००२चाही. वर्ष नसेल तर माणूस गोंधळतो, सॉफ्टवेअर त्याहून जास्त. सबटायटलची एसआरटी फाइल असेल तर तिलाही तेच नाव द्यावं, म्हणजे व्हीएलसी ती आपोआप उचलतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह आणि कोलन चालत नाही. सिनेमाच्या नावात असेल तर सरळ गाळावं.

एवढं झालं की जेलीफिन, प्लेक्स किंवा कोडी यांपैकी एक सॉफ्टवेअर टाकावं. ते नाव आणि वर्ष वाचून पोस्टर, कलाकार, कथासार इंटरनेटवरून आणतं. जेलीफिन पूर्ण मोफत आहे आणि घरच्या वायफायवरून टीव्हीवरही चालतं. जुन्या मराठी सिनेमांची माहिती कधी सापडत नाही, कधी भलतीच येते. तिथे हाताने भरावी लागते, इलाज नाही.

ओटीटी ॲपमधले डाउनलोड मात्र या संग्रहात येत नाहीत. ते त्या ॲपमध्येच चालतात आणि मुदत संपली की जातात.

खरी निकड कपाटातल्या सीडींची आहे. लग्न, मुंज, बारसं यांच्या घरी लिहून घेतलेल्या व्हीसीडी काही वर्षांनी खराब होऊ लागतात आणि त्यांची दुसरी प्रत सहसा कुणाकडेच नसते. व्हीसीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसतं. त्यातल्या डीएटी फायली हाच व्हिडिओ. त्या कॉपी करून व्हीएलसीमध्ये लावल्या की चालतात. सीडी मध्येच अडकली तर मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नाही. तरीही नाही वाचली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघावी; एकाला न वाचणारी सीडी दुसरा कधीकधी वाचतो. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा मिळतो. या फायलींना पोस्टर मिळणार नाही, म्हणून त्यांचं फोल्डर वेगळं ठेवावं: वर्ष, प्रसंग, कुणाचा.

मग हे सगळं दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवावं. ‘फाइल खूप मोठी आहे’ असा संदेश आला, तर डिस्क फॅट३२ पद्धतीची असते. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की प्रश्न सुटतो, पण फॉरमॅटमध्ये डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. त्यामुळे आधी आत काय आहे ते बघावं. ही दुसरी डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नये. जमल्यास ती भावाकडे किंवा गावच्या घरी ठेवावी.

सिनेमा पुन्हा कुठेतरी मिळेल. आजोबांनी मुंजीत केलेलं भाषण त्या एकाच सीडीवर आहे, तेव्हा पहिली कॉपी तिची.