एका नांवाचे अनेक धनी

मॉस्को येथील टॉर्पेडो हा फुटबॉल क्लब आपला जन्म १९२४ सालीं झाला असें सांगतो. त्या वर्षीं निघालेल्या संघाचें नांव मात्र टॉर्पेडो नव्हतें. आणि आज त्या नांवानें मैदानांत उतरणाऱ्या संघाचे मालक, त्याचें पाठबळ, त्याचें कार्यालय यांपैकीं त्या काळचें कांहींच उरलेलें नाहीं. मधल्या शंभर वर्षांत हा क्लब विकला गेला, दुभंगला, हौशी संघांच्या रांगेंत जाऊन बसला आणि पुन्हां वर आला. अशा स्थितींत 'तोच क्लब' हे शब्द कोणत्या अर्थानें वापरावयाचे? खेळांत फारसें मन न घालणाऱ्या वाचकांनीं या प्रश्नाकडे पाठ फिरवूं नये अशी विनंती आहे. घराणें, मठ, विद्यालय, मासिक अशा कोणत्याही दीर्घायुषी संस्थेविषयीं तो विचारतां येतो. आणि ज्यांच्या कुळांत दत्तकाचा वाद एकदां तरी झाला आहे त्यांना त्याची तीव्रता निराळी समजावून द्यावी लागणार नाहीं.

या क्लबाची हकीकत एका कारखान्यापासून सुरू होते. १९१६ सालीं रियाबुशिन्स्की बंधूंनीं मॉस्कोच्या दक्षिण भागांत 'अमो' नांवाचा मोटारींचा कारखाना उभारावयास घेतला. क्रांति झाली, कारखाना सरकारजमा झाला, आणि ७ नोव्हेंबर १९२४ रोजीं तेथें तयार झालेल्या पहिल्या दहा मालमोटारी लाल चौकांतून मिरवत गेल्या. त्याच वर्षीं 'प्रोलेतार्स्काया कुझ्नित्सा', म्हणजे श्रमिकांची लोहारशाळा, या नांवाचा संघ निघाला. पुढें तो अमोचा संघ म्हणून ओळखला जाऊं लागला. १९३१ सालीं कारखान्यास स्टालिनचें नांव देण्यांत आलें व त्याचें लघुरूप 'झिस' असें झालें. मग संघही झिस झाला. १९३६ सालीं सोव्हिएत राष्ट्राच्या अखिल देशीय स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हां मोटारधंद्यांतील कामगारांच्या क्रीडासंस्थेचें 'टॉर्पेडो' हें नांव त्याला मिळालें. पाणबुडीच्या अस्त्राशीं त्याचा संबंध लावण्याचा मोह वाचकांस होईल. परंतु त्या काळीं लांबट, उघड्या मोटारीच्या एका घाटासही टॉर्पेडोच म्हणत असत. हें नांव एकट्या मॉस्कोचें नव्हतें. गॉर्की, मिन्स्क, कुताइसी येथेंही टॉर्पेडो होते.

हीं सारीं नामांतरें म्हणजे एकाच माणसानें अंगरखे बदलावे तशीं होतीं. कारखाना तोच, वस्ती तीच, प्रेक्षकही बहुधा पाळी संपवून आलेले तेच कामगार. म्हणून १९५६ सालीं कारखान्याचे दीर्घकाळचे संचालक लिखाचॉव्ह यांचें नांव त्याला मिळून झिसचें 'झिल' झालें, तेव्हां संघानें आपलें नांव न बदलतांही कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं.

या काळांत क्लबाला जो लौकिक मिळाला तो मुख्यतः दोन माणसांच्या नांवाशीं निगडित आहे. पहिले व्हिक्तर मास्लॉव्ह. ते स्वतः या संघांत खेळलेले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखालीं टॉर्पेडोनें १९६० सालीं राष्ट्राचें अजिंक्यपद व राष्ट्रीय चषक हे दोन्ही मान एकाच वर्षीं मिळविले. दुसरा एदुआर्द स्त्रेल्त्सॉव्ह. १९३७ सालीं जन्मलेला हा मुलगा वयाच्या सतराव्या वर्षाच्या आंतच टॉर्पेडोंत आला. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्यें सोव्हिएत संघास सुवर्णपदक मिळालें. परंतु अंतिम सामन्यांत त्याला खेळविलें नाहीं, आणि पदकें केवळ त्या सामन्यांतील खेळाडूंसच द्यावयाचीं असल्यामुळें तो रिकाम्या हातीं परतला. (याच स्पर्धेंत भारत उपान्त्य फेरीपर्यंत पोंचला होता, आणि गोमंतकांत जन्मलेल्या नेव्हिल डिसूझा यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते, हें आपण सहसा आठवीत नाहीं.) १९५८ च्या मे महिन्यांत, स्वीडनमधील जागतिक स्पर्धेच्या तोंडावर, बलात्काराच्या आरोपावरून स्त्रेल्त्सॉव्हला अटक झाली व बारा वर्षांची शिक्षा झाली. खटला खरा कीं रचलेला, हा वाद रशियांत अद्याप मिटलेला नाहीं, आणि इतक्या दुरून त्याचा निवाडा करण्याचें धाडस मी करणार नाहीं. सुमारें पांच वर्षांनीं, १९६३ सालीं, तो सुटला. वरच्या श्रेणींत खेळण्यास मनाई होती, म्हणून तो झिलमधील कामगारांच्या संघांत खेळूं लागला. ख्रुश्चेव्ह पदच्युत झाल्यानंतर मनाई उठली, आणि १९६५ सालीं त्याच्यासह टॉर्पेडो दुसऱ्यांदा अजिंक्य ठरला. १९६७ व १९६८ या दोन्ही वर्षीं तो देशांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला. टांचेनें मागें चेंडू देण्याच्या युक्तीला रशियन लोक आजही त्याचेंच नांव देतात. ज्या काळांत त्याचे सारे दरवाजे बंद झाले होते त्या काळांत कारखान्याचें दार मात्र त्याला उघडें होतें, ही गोष्ट पुढील हकीकतीसाठीं लक्षांत ठेवावी.

सोव्हिएत राष्ट्र १९९१ सालीं लयास गेलें. क्लबानें त्यानंतरही थोडी चमक दाखविली; १९९२ सालीं यूरोपीय स्पर्धेंत मँचेस्टर युनायटेडला त्यानें पेनल्टींवर घरीं धाडलें, आणि १९९३ सालीं रशियाचा चषक जिंकला. परंतु सरकारी मागणी आटल्यावर झिलच्या मालमोटारींना गिऱ्हाईक राहिलें नाहीं. कामगारांचे पगार भागवितां भागवितां नाकीं नऊ आलेल्या कारखान्यानें १९९६ सालीं क्लब विकला. घेणारी होती लुझ्निकी या प्रचंड क्रीडांगणाची कंपनी. संघ टॉर्पेडो-लुझ्निकी झाला. त्याच वर्षीं व्होस्तोच्नाया रस्त्यावरील कारखान्याच्या छोट्या मैदानास, १९९० सालीं वारलेल्या, स्त्रेल्त्सॉव्हचें नांव देण्यांत आलें. नांव आणि मैदान यांची अशी फारकत झाली.

कारखान्याला मग पश्चात्ताप झाला असावा. १९९७ सालीं त्यानें टॉर्पेडो-झिल नांवाचा नवा संघ काढला. तो खालच्या श्रेणींतून चढत चढत २००१ सालीं सर्वोच्च श्रेणींत येऊन ठेपला. एका घराण्याच्या दोन गाद्या झाल्या म्हणजे काय होतें हें मराठी वाचकांस सांगावयास नको. एकीकडे नांव, इतिहास, करंडक. दुसरीकडे कारखाना व मैदान. परंतु धाकट्या गादीलाही ग्राहक आला. २००३ सालीं निकेलच्या खाणी चालविणाऱ्या एका बलाढ्य कंपनीनें तो संघ घेतला. तो प्रथम टॉर्पेडो-मेताल्लुर्ग आणि पुढल्या वर्षीं नुसता 'मॉस्को' झाला. टॉर्पेडो हें नांव टाकून दिलेला संघ स्त्रेल्त्सॉव्हच्या मैदानावर खेळत होता आणि तें नांव धारण करणारा संघ परक्या अंगणांत! मॉस्को संघ २००७ सालीं चौथा आला, म्हणजे दुबळा नव्हता. तथापि २०१० च्या फेब्रुवारींत कंपनीनें पैसा थांबवितांच तो सर्वोच्च श्रेणींतून बाहेर पडला. नांव बदलून घेतलेल्या दत्तकाला रडावयास फारसें कोणी उरत नाहीं.

थोरल्या गादीची दशा याहून बरी नव्हती. २००६ सालीं टॉर्पेडो इतिहासांत प्रथमच सर्वोच्च श्रेणींतून खालीं घसरला, दोन वर्षांनीं आणखी खालीं आला, आणि २००९ सालीं लुझ्निकीच्या मालकांनीं तें ओझें कारखान्याच्या स्वाधीन केलें. त्या वर्षीं तीन वेळचा अजिंक्य क्लब हौशी संघांशीं खेळला. पण तो घरीं आला होता. पुढें दोन वर्षांत दोन श्रेणी वर, २०१४ सालीं पुन्हां सर्वोच्च श्रेणींत, २०१५ सालीं पैशाअभावीं एकदम दोन पायऱ्या खालीं, असा हा प्रवास झाला.

मग वारसा कोणाचा? कायद्याचें उत्तर सरळ आहे: ज्यानें विकत घेतला त्याचा. हें उत्तर मला अपुरें वाटतें, कारण विकत घेणाऱ्यांनींच तो दोन वेळां टाकून दिला. माझा कल असा कीं, हौशी संघांच्या मैदानावरही जे लोक पांढराकाळा रुमाल गळ्यांत घालून उभे राहिले त्यांच्यापाशीं क्लब राहिला. पण येथेंही मनांत कांटा राहतोच. २०१८ सालीं क्लबानें एका कृष्णवर्णी रशियन बचावपटूशीं करार केला; समर्थकांच्या एका गटानें उघड विरोध केला, आणि थोड्याच दिवसांत करार रद्द झाला. व्यवस्थापकांनीं पैशाचें कारण पुढें केलें. वारसदार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवावें त्यांच्यांतच असे लोक निघावे, याला काय म्हणावें? ज्या कारखान्यानें शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पुन्हां चेंडू दिला, त्याच्या नांवानें जयघोष करणाऱ्यांनीं एका मुलाला केवळ कातडीच्या रंगावरून दार लावावें! वारसा लोकांचा म्हटला कीं लोकांचे दोषही त्याच दस्तऐवजांत लिहून येतात.

कारखाना स्वतः आतां उरलेला नाहीं. मोटारी निघणें बंद पडलें आणि त्या विस्तीर्ण जागेवर राहण्याच्या उंच इमारती उठल्या. स्त्रेल्त्सॉव्हचें मैदान नव्या बांधणीसाठीं बंद झालें; त्यामुळें २०२२ सालीं टॉर्पेडो सर्वोच्च श्रेणींत परतला तेव्हां घरचे सामने लुझ्निकीवर खेळण्याची पाळी त्याच्यावर आली. एका हंगामांतच तो खालीं गेला. २०२५ सालीं दुसरा क्रमांक मिळवून त्यानें वर जाण्याचा हक्क पुन्हां कमावला, तों सामन्यांच्या निकालांत ढवळाढवळ करण्याच्या आरोपावरून मालकांस अटक झाली. महासंघानें ती जागा काढून घेऊन ओरेनबुर्गच्या संघास दिली, आणि टॉर्पेडोनें तो हंगाम दुसऱ्या श्रेणींत सुरू केला.