पन्नास एमबीत न मावलेली वेलांटी

जुन्या संगणकावर रोजच्या कामासाठी कोणतं हलकं लिनक्स घालावं, हा प्रश्न आमच्या घरात वर्षातून एकदा तरी निघतोच. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं आणि मी इतिहास सांगायला लागतो. आजही तेच करणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा!

क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाने २००० साली नॉपिक्स काढलं. हार्ड डिस्कला हात न लावता ते थेट सीडीवरून चालायचं. ७०० एमबीच्या सीडीत दाबूनदाबून सुमारे २ जीबीचा संसार भरलेला. त्याच नॉपिक्सवरून जॉन अँड्र्यूज यांनी डॅम स्मॉल लिनक्स उभं केलं आणि स्वतःला अट घालून घेतली, ५० एमबीच्या वर जायचं नाही. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या छोट्या सीडीत तेवढंच मावतं म्हणून. १६ एमबी रॅमच्या ४८६ वरसुद्धा ते चालायचं. ही अट मला फार आवडते. नवं काही आत घ्यायचं तर जुनं काहीतरी बाहेर काढायला लागतं.

पण बाहेर काय काय राहिलं?

मार्च २००२ मध्ये जीटीके २ आलं आणि त्याच्याबरोबर पँगो. (ग्रीक 'पान' म्हणजे सर्व, जपानी 'गो' म्हणजे भाषा. नाव झकास आहे!) हलकी लिनक्सं मात्र जागा वाचवायला जुन्या जीटीके १.२ वरच्या प्रोग्रामांवर भिस्त ठेवत. इंग्रजीला त्याने काही फरक पडत नव्हता. आपल्याला पडत होता. 'कि' लिहिताना संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी, आणि दाखवताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. जोडाक्षरं, रफार यांचंही तसंच. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक पडद्यावर आणायला नुसता फाँट पुरत नाही, अक्षरं जुळवणारं कुणीतरी लागतं. ते काम पँगोचं. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फाँट मोकळे केले, पण पँगोसारखं काही नसेल तर 'किल्ला'ची वेलांटी क च्या मागे आणि पहिला ल पाय मोडलेला!

यात कुणाचा आकस नव्हता. पन्नास एमबीत साऱ्या जगाच्या लिप्या कोण कोंबणार? तरी रोजचं काम म्हणजे आपल्याकडे सोसायटीची नोटीस, अर्ज, मावशीला पत्र. ते मराठीत होत नसेल तर यंत्र झटक्यात सुरू होऊन उपयोग काय?

म्हणून माझ्या मते खरं वळण २००६ चं. तैवानच्या हाँग जेन यी यांनी एलएक्सडीई सुरू केलं, तेही जीटीके २ वर. डेस्कटॉप हलकाच, पण पँगो आपोआप बरोबर आलं. पुढे त्याची जागा एलएक्सक्यूटीने घेतली. लुबुंटूने २०१८ मध्ये तेच स्वीकारलं, आणि मराठी त्यातही नीट दिसते.

डॅम स्मॉल लिनक्सचं काम २००८ नंतर थंडावलं. २०२४ मध्ये अँड्र्यूज यांनीच ते अँटीएक्सच्या पायावर पुन्हा आणलं, नवी अट ७०० एमबी. चौदा पट! हसू येतं, पण त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आता सगळं वजन ब्राउझरचं. पाच टॅब उघडले की डिस्ट्रो किती हलकी हे कोण विचारतो?

असो. नाव हवंच असेल तर, यंत्र ६४ बिटचं आणि रॅम निदान २ जीबी असेल तर डेबियन, त्यावर एलएक्सक्यूटी. ३२ बिटवाल्यांची निवड पार आकसली आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. कोणतंही घ्या, आधी पेनड्राइव्हवरून चालवून मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये 'दऱ्याखोऱ्यांतल्या किल्ल्यांवर' एवढं टंकून बघा. इन्स्क्रिप्ट की फोनेटिक, हे भांडण पुढच्या वेळी.